पान्हा, ताण आणि माहेर

गिरणाकाठच्या एखाद्या खेड्यात सकाळी गोठ्यात जाऊन उभे राहा. रोज धार काढणारी घरातली बाई परगावी गेलेली आहे आणि तिच्या जागी कोणी नवखा माणूस चरवी घेऊन बसला आहे. सडांना हात लागताच गाय पाय झाडते, मान वळवून पाहते. कास भरलेली दिसते, पण चरवीत धार काही पडत नाही. घरातले आजोबा लगेच सांगतात, ‘‘गाईने पान्हा चोरला. वासरू सोड, मग बघ.’’ वासरू येते, दोन ढुशा देते, गाय त्याला चाटू लागते आणि थोड्याच वेळात पान्हा सुटतो.

गाय खरोखरच दूध चोरते का? चोरी करायची तर ती ठरवून करावी लागते. पान्हा सोडणे किंवा न सोडणे हे मात्र गाईच्या हातात नसते. १९४१ साली एली आणि पीटरसन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवले. दूध काढण्याच्या वेळी गाईला दचकवले की दूध उतरत नाही आणि ॲड्रेनॅलिन टोचले तरी तेच घडते, असे त्यांना आढळले. म्हणजे आजोबांचे निरीक्षण अचूक होते, फक्त चोराचे नाव वेगळे होते.

विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीचा आपल्या घराशी फार जवळचा संबंध आहे. तुमची ताई किंवा मावशी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असेल, तर ‘सव्वा महिना तिला काही त्रास होऊ देऊ नका’ असे आजी बजावते, ते तुम्ही ऐकले असेलच. आजीच्या या सांगण्यात रूढी किती आणि शरीरशास्त्र किती, ते आज पाहू.

दुधाची दोन संप्रेरके

आपल्या शरीरातील काही ग्रंथी रक्तात थोडी थोडी रसायने सोडतात आणि ती दूरच्या इंद्रियांना हुकूम पोचवतात. त्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोन्स म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दुधाच्या बाबतीत तिच्याकडून येणारी दोन संप्रेरके महत्त्वाची आहेत.

पहिले प्रोलॅक्टिन. ते स्तनातील पेशींकडून दूध तयार करवून घेते. गरोदरपणी ते रक्तात भरपूर असते, तरी दूध येत नाही. कारण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरते. बाळ जन्मते, मागोमाग वार पडते, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध भरून येते.

दुसरे ऑक्सिटोसिन. दूध तयार झाले तरी ते बाहेर ढकलावे लागते. बाळ चोखू लागले की ती संवेदना मज्जातंतूंवाटे मेंदूतील अधश्चेतकापर्यंत पोचते, पीयूषिका ऑक्सिटोसिन सोडते आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे तंतू आकुंचन पावून दूध पुढे लोटतात. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. कित्येक आयांना बाळाचे रडणे नुसते कानी पडले तरी पान्हा फुटतो. हेच संप्रेरक गर्भाशयाचेही आकुंचन घडवून आणते. हा परिणाम हेन्री डेल यांनी १९०६ साली नोंदवला होता. ऑक्सिटोसिन अवघ्या ९ अमिनो आम्लांचे बनलेले आहे. ते प्रयोगशाळेत तयार करणारे व्हिन्सेंट दु विन्यो यांना १९५५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ताण आला की काय होते?

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. भीती वाटली, वेदना झाली, कोणी खडसावले, की त्या ॲड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. ताण लांबला तर याच ग्रंथींचे दुसरे संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढते. साप दिसल्यावर पळ काढायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण बाळाला पाजायला बसलेल्या आईला ती उपयोगाची नाही. ॲड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो.

हे तुम्हाला स्वतःवर पडताळता येईल. पाच मिनिटे शांत बसा आणि एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडतात ते मोजा. मग मित्राला समोर उभे करून ३०० मधून ७ वजा करत करत मोठ्याने उलटे मोजायला लागा. चुकले की त्याने ‘पुन्हा पहिल्यापासून!’ असे म्हणायचे. दोन मिनिटांनी नाडी पुन्हा मोजा. बहुतेकांचे ठोके वाढलेले आढळतील. कोणी हातही लावला नाही, फक्त शब्दांनी शरीर बदलले.

अमेरिकेतील न्यूटन दांपत्याने १९४८ साली असाच, पण अधिक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. एक आई बाळाला ठराविक वेळ पाजत असे आणि आधी व नंतर बाळाचे वजन करून त्याने किती दूध घेतले ते ठरवले जाई. काही दिवस तिला शांतपणे पाजू दिले. काही दिवस मात्र पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, पायाचा अंगठा ओढला किंवा भराभर गणिते विचारली. शांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले, तर त्रासाच्या दिवशी ९९ ग्रॅम. त्रास तोच ठेवून आईला ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा १५३ ग्रॅम.

हे तीन आकडे नीट पाहा. त्रासाच्या दिवशीही दूध आत होतेच, नाही तर ऑक्सिटोसिन दिल्यावर ते आले कोठून? दूध आटले नव्हते, अडले होते. ‘हिला दूधच नाही’ असे आईला सुनावणारी माणसे म्हणूनच दुहेरी चूक करतात. निदान चुकते आणि त्या बोलण्याने अडथळाही वाढतो. असे रोजच घडून दूध आत साठून राहिले, तर पुढे ते तयार होण्याचे प्रमाणही कमी होते.

तिसऱ्या दिवसाचे रडू

वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही काही दिवसांतच खाली येते. नऊ महिने चढत गेलेला जिना एका दमात उतरावा तसे हे असते. त्यात झोपमोड आणि अंगदुखी. निम्म्याहून अधिक मातांना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगीच रडू येते, चिडचिड होते. दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते. याला नाटक म्हणू नये आणि घाबरूनही जाऊ नये.

परंतु उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, बाळ झोपले असतानाही आईला झोप लागेना, भूक मेली, बाळाकडे पाहावेसे वाटेना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के मातांना नैराश्य होते. संप्रेरके तर प्रत्येकीचीच उतरतात, मग आजार काहींनाच का? या अभ्यासात गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही महत्त्वाची कारणे दिसली. मुलगी झाली की मुलगा, यानेही फरक पडत होता. म्हणजे उत्तर केवळ रक्तात नाही, ते घरातही शोधावे लागते.

माहेर हे औषध

खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी माहेराची ओढ आपल्या बोलीत जशी मांडली, तशी क्वचितच कोणी मांडली असेल. पहिले बाळंतपणही माहेरीच करण्याची चाल आहे. तेथे डिंकाचे आणि मेथीचे लाडू मिळतात, अंगाला तेल लागते. पण सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रात्री बाळ रडले की आई म्हणते, ‘‘दे इकडे, तू निज जरा.’’

सोबतीचा परिणाम मोजताही येतो. ग्वाटेमालातील एका रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी नातेवाइकांना आत घेत नसत. तेथे काही मातांजवळ एक अनोळखी बाई शेवटपर्यंत बसवण्यात आली. ती बोलत असे, पाठ चोळत असे, हात धरत असे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४० मातांची तुलना केली होती. सोबत असलेल्या मातांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, एकट्या मातांना १९.३ तास. पुढे इतर देशांतील प्रयोगांत फरक इतका मोठा आढळला नाही, पण सोबत असलेल्या मातांची प्रसूती लवकर होते हेच पुन्हा दिसले. भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली.

ही सोबत बाबांनाही देता येते. फिलिपाइन्समधील सेबू भागात ६२४ तरुणांचा २००५ ते २००९ या काळात अभ्यास झाला. जे बाप झाले त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरले आणि जे रोज तीन तास किंवा अधिक बाळाची देखभाल करत, त्यांच्यात ते सर्वांत कमी आढळले. हा कमीपणा नव्हे. बाळ सांभाळण्यासाठी पुरुषाचे शरीरही बदलते, एवढाच त्याचा अर्थ. आणि सातपुड्यातल्या वानरांच्या टोळीकडे पाहा. नुकते जन्मलेले काळसर पिल्लू कळपातल्या इतर माद्या आळीपाळीने उचलून घेतात आणि तेवढा वेळ आई निवांत चरते.

रूढीतले काय घ्यावे?

विश्रांती, सकस अन्न, ऊब आणि सोबत हे रूढीतले धान्य आहे; ते जपावे. फोलपट मात्र पाखडून टाकावे. पहिला चीक पिळून फेकणे चूक आहे, कारण त्यात बाळाला रोगांपासून वाचवणारी प्रतिद्रव्ये असतात. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवणे धोक्याचे आहे, कारण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. बाळंतिणीचे पाणी तोडणेही अयोग्य. आणि ‘मुलगीच झाली का?’ हा प्रश्न कोणत्याही थंड वाऱ्यापेक्षा आईला अधिक बाधतो.

आज धुळे-जळगावची कितीतरी कुटुंबे सुरतेला, पुण्याला, नाशिकला एका खोलीत राहतात. काहींची माये कामावरून सुट्टी घेऊ शकत नाही, काहींना माहेरच उरलेले नसते. अशा घरी माहेर नेऊन पोचवावे लागते. शेजारीण एक वेळची भाकर-भाजी देऊ शकते. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेविषयीही मोकळेपणाने सांगावे. नैराश्याची लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे किंवा १४४१६ या क्रमांकावर बोलावे. टेली-मानस ही विनामूल्य सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर आईला एकटे न ठेवता तडक रुग्णालयात न्यावे.

आणि तुम्ही? तुम्हीही पुष्कळ करू शकता. शाळेतून आल्यावर अर्धा तास बाळाला सांभाळा, दोरीवरचे लंगोट काढून घड्या घाला, रेडिओ-टीव्हीचा आवाज कमी करा. घरी येणारा प्रत्येक जण आधी बाळाला पाहतो. तुम्ही मात्र आधी ताईजवळ बसा आणि आपल्या अहिराणीत विचारा, ‘‘ताई, कशी शे तू?’’ मग ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.