आधी कोणता पाणलोट?

पैठणच्या नाथसागरात साचणारा बराचसा गाळ पैठणचा नसतो. गोदावरी-प्रवरेच्या वरच्या अंगाची ती माती असते. म्हणजे काम माथ्यापासून सुरू करायचं. पण कोणत्या माथ्यापासून? पैसा थोडाच असतो.

त्यासाठी आपण खोरं साधारण 500 ते 1,000 हेक्टरच्या सूक्ष्म पाणलोटांत विभागतो. कार्टोसॅट-1 च्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जोडचित्रांवरून उंचसखलपणा, त्यातून उतार नि ओढ्यांचं जाळं मिळतं. रिसोर्ससॅटच्या चित्रांवरून झाडोरा आणि उघडी जमीन कळते. पाऊस, माती, उतार, झाडोरा, बांधबंदिस्ती हे सगळं एकत्र मांडून हेक्टरी किती माती वाहील याचा अंदाज काढायचा, आणि क्रम लावायचा.

इथं एक सांभाळायचं. जानेवारीच्या चित्रात रब्बी उभी असते, सगळं हिरवं दिसतं. माती वाहते ती जूनमध्ये, शेत उघडं असताना. आणि तेव्हा ढग आड येतात. म्हणून मे महिन्याचं चित्रही बघायचंच.

रिसोर्ससॅटच्या लिस-3 चित्रातला एक ठिपका सुमारे 24 मीटरचा. त्यात शेताचा बांध दिसत नाही. गावाला तो ठाऊक असतो. यादीत खाली गेलेलं गाव आणखी काही पावसाळे थांबणार असतं. तेव्हा नकाशा हातात घेऊन शिवारफेरी केल्याशिवाय आपण यादी पक्की करायची नाही.