जनसुनावणीविना पवनचक्क्या

भीमाशंकर अभयारण्याला लागून, खेड-मावळच्या डोंगरांवर एनरकॉन कंपनीच्या ११३ मेगावॉट पवनप्रकल्पासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन देण्यात आली. शेकरूचा हा मुलूख. वीज ‘हरित’ खरी, पण अवजड पाती माथ्यावर न्यायची तर डोंगर फोडूनच रस्ते काढावे लागतात. इथला राडारोडा ओढ्यांत उतरला. पुण्याच्या माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात याची नोंद घेतली. गावकऱ्यांना पिढीजात वापरातल्या डोंगरावर जायलाही अडवले जात होते, हेही त्यात आहे. खरे तर अशा पिढीजात वापराला हक्क म्हणून मान्यता देणारा वनहक्क कायदा २००६चाच! त्याच वर्षीच्या पर्यावरण अधिसूचनेतून पवनऊर्जा मात्र वगळलेली, त्यामुळे जनसुनावणी बंधनकारक नव्हतीच. गावकऱ्यांचे सोडा, स्थानिक वनक्षेत्रपालाने केलेली प्रकल्प नाकारण्याची शिफारसही वरिष्ठांनी डावलली.