भिंत जाड हवी की हलकी?

एप्रिल-मे महिन्यांत हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात पाऊल टाकले की एकदम गार वाटते. त्याच गल्लीतल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात मात्र पंखा नुसती गरम हवा फिरवीत असतो. हा फरक मुलांच्याही रोजच्या अनुभवाचा आहे. त्यामुळे 'जुने ते सोने' असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते.

पण याच जाड भिंतींनी आणि मातीच्या छपरांनी मराठवाड्यात एका रात्रीत हजारो माणसांचे प्राण घेतले आहेत. म्हणून हा विषय वर्गात काढायचा तर दोन प्रश्न बरोबरच घ्यावे लागतील. जुने घर गार का असते? आणि ते धोक्याचे का असते? या दोन प्रश्नांची उत्तरे नीट वेगळी केली की गार आणि सुरक्षित असे घर बांधता येते, हे आम्हांला या लेखात दाखवायचे आहे. त्यासाठी शाळेच्या पुस्तकाबाहेरचे फारसे विज्ञान लागणार नाही.

रांजण आणि छिद्र

भिंतीतून उष्णता कशी जाते हे समजण्यासाठी पाण्याची उपमा घेऊ या. बाहेरून येणारी उष्णता म्हणजे पाणी आणि भिंत म्हणजे वाटेत ठेवलेला रांजण. रांजणाच्या बुडाला एक छिद्र आहे आणि त्यातून पाणी घरात झिरपते. आता पाणी उशिरा आणि कमी यावे यासाठी दोन उपाय संभवतात. रांजण खूप मोठा घ्यायचा, म्हणजे तो भरेपर्यंत दिवस मावळेल. किंवा छिद्र जवळजवळ बुजवायचे.

दगडमातीची दोन फुटी भिंत हा मोठा रांजण आहे. तिच्यात दगड आणि माती इतकी असते, की ती तापायला भरपूर उष्णता लागते. दुपारची उष्णता तिच्या आतल्या अंगाशी पोचायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ जातो. तोवर रात्र झालेली असते, आणि बाहेरचे अंग उलट उष्णता बाहेर टाकू लागते. दिवसरात्रीची चढउतार आत जवळजवळ पोचतच नाही. माळवदावरचा मातीचा थरही असेच काम करतो.

१०-१२ सेंटिमीटरचा सिमेंटचा स्लॅब हा लहान रांजण आहे आणि त्याचे छिद्रही मोठे आहे. दुपारी एकची उष्णता तो सुमारे तीन तासांत खालच्या अंगाला पोचवतो, आणि साठवलेली उष्णता मग रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. स्लॅबच्या घरातली माणसे उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात ती यामुळेच. पत्र्याला तर रांजणच नाही. ऊन पडले की तापला आणि सूर्य मावळला की निवला.

दुसरा उपाय, म्हणजे छिद्र बुजवण्याचा, आपल्याला गोधडीने शिकवलेला आहे. वर्गात विचारून पाहा : बर्फाची लादी गोधडीत गुंडाळली तर ती लवकर वितळेल की उशिरा? गोधडी ऊब 'देते' असे मानणारी मुले 'लवकर' म्हणतील. पण बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतो, हे आठवले की उत्तर सापडते. गोधडीत काय किंवा भुशात काय, अडकून पडलेली हवा असते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. थर्माकोलमध्ये तर आकारमानाने सुमारे ९८ टक्के हवाच असते.

हे आकड्यांत पाहू. एक मीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक अंश सेल्सिअसचा फरक ठेवला, तर दर सेकंदाला त्यातून जितके ज्यूल उष्णता जाते, ती त्या पदार्थाची उष्णतावाहकता. सळयांच्या काँक्रीटसाठी ती सुमारे १.५८, भाजक्या विटेसाठी ०.८१, पोकळ हलक्या सिमेंट ठोकळ्यांसाठी सुमारे ०.१८ आणि थर्माकोलसाठी ०.०३५ आहे. यावरून मुलांना एक गणित घालता येईल. पाच सेंटिमीटर थर्माकोलइतका अडथळा करायला किती जाडीचे काँक्रीट लागेल? उत्तर येते सव्वादोन मीटर! विटेची भिंत घ्यायची तर ती सव्वा मीटरच्या जवळपास जाडीची लागेल.

वजनाची किंमत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भारतीय मानकात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता. ६.२ हा आकडा जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे लहान आहे. मग एवढी माणसे का गेली?

कारण घरांमध्ये होते. भिंती ओबडधोबड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या. अशा भिंतीला दोन पदर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. जमीन हलताच पदर सुटले. वर माळवदाची माती होती, कुठे एक फूट तर कुठे दोन फुटांहून जास्त. दर काही वर्षांनी, गळती थांबवण्यासाठी, तिच्यावर नवी माती पडत गेलेली. झोपलेली माणसे या ढिगाऱ्याखाली सापडली. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर होता, तिथे काही वेळा भिंती पडल्या तरी छप्पर उभे राहिले.

यामागचा नियम आपण शिकवतोच : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. भूकंपात जमीन घराला त्वरण देते. घर जितके जड, तितके त्याच्यावर येणारे बल मोठे. साठ सेंटिमीटरच्या दगडमातीच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १,२०० किलोग्रॅम भरते. अर्धा मीटर मातीचे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोग्रॅमचे होते. म्हणजे ज्या वजनाने दुपारी गारवा दिला, त्याच वजनाने पहाटे घात केला. मोठ्या रांजणाची ही किंमत आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. या जिल्ह्यालाही हा विषय परका नाही. वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांतल्या अनेक गावांना जमिनीतले आवाज आणि धक्के परिचयाचे आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात होता. ६.२ च्या भूकंपात ४.५ च्या भूकंपापेक्षा सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा बाहेर पडते. तेव्हा किल्लारीशी थेट तुलना करून कोणी घाबरून जाऊ नये. पण मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने केलेले आवाहन लक्षात ठेवण्यासारखे आहे : पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. डोक्यावरचे सुटे वजन कमी करा, एवढाच त्याचा अर्थ.

कामाची वाटणी

जुन्या भिंतीकडे आपण दोन कामे सोपवली होती. घर उभे ठेवणे आणि ऊन अडवणे. दोन्ही कामे ती जाडीच्या जोरावर करीत होती. आता ही कामे वेगळी करता येतात. उभे राहण्याचे काम सळया घातलेल्या काँक्रीटच्या पातळ थराकडे द्यायचे आणि ऊन अडवण्याचे काम हवेने भरलेल्या हलक्या थराकडे. उष्णतारोधक काँक्रीट भिंतीचे तत्त्व एवढेच आहे. तिचे काही प्रकार असे :

पहिला प्रकार थर्माकोलच्या गाभ्याचा. थर्माकोलच्या जाड तक्त्याच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी असते, आणि दोन्ही जाळ्या आरपार तारांनी जोडलेल्या असतात. तक्ते उभे करून दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा फवारा मारतात. दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटर काँक्रीट धरले तर भिंतीचे वजन दर चौरस मीटरला १७०-१८० किलोग्रॅम, म्हणजे दगडमातीच्या भिंतीच्या सातव्या हिश्श्याइतके होते.

दुसऱ्या प्रकारात हाच क्रम उलटा असतो. थर्माकोलचे पोकळ ठोकळे खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसवतात, पोकळीत सळया घालून काँक्रीट ओततात आणि साचा काढून न घेता तसाच भिंतीत ठेवतात. काँक्रीटला दोन्ही बाजूंनी जणू गोधडी मिळते.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या शहरांत सर्रास दिसतो, तो पोकळ हलक्या ठोकळ्यांचा. औष्णिक वीज केंद्रातली राख, चुना, सिमेंट आणि पाणी यांच्या लगद्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घालतात. अ‍ॅल्युमिनियमची अल्कधर्मी लगद्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग त्याचे ठोकळे कापून दाबाखालच्या वाफेत पक्के करतात. ठोकळ्याचे वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश असते. पण हा ठोकळा नाजूक असतो. म्हणून जोते, खिडक्यांच्या वरची पातळी आणि छपराखालची पातळी इथे सळयांचे सलग काँक्रीट पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया हव्याच.

ज्यांना यांतले काहीच मिळणार नाही त्यांच्यासाठी विटांचीच एक रचना आहे. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये ती लोकप्रिय केली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण चौथाईने कमी लागतात आणि अडकलेली हवा फुकट मिळते.

थर्माकोलच्या काही मर्यादा मुद्दाम सांगायला हव्यात. तो जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून तो कोठेही उघडा ठेवायचा नाही. काँक्रीट किंवा गिलाव्याखाली पूर्ण झाकायचा. उंदीर तो कुरतडतात, म्हणून कडा बंद हव्यात. आणि रोधक थर उष्णता अडवतो, नाहीशी करीत नाही. दिवसा खिडक्या उघड्या ठेवल्या तर भिंत काय करणार? दुपारी बंद आणि रात्री उघड्या, हा आजीचा नियम नव्या घरातही पाळावा लागतो. नाहीतर माणसांची आणि चुलीची उष्णता आतच कोंडते.

आधी छप्पर

पैसे थोडे असतील तर सुरुवात भिंतीपासून करू नये. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरपे पडते, छपरावर सरळ. भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट ऊर्जा पडते. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्या छपरावर सुमारे २२ किलोवॅट, म्हणजे दोन हजार वॅटच्या अकरा शेगड्या एकदम पेटवल्याइतके ऊन पडते!

त्यातले आत किती येते? स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांवर आणि खोलीतली हवा ३५ अंशांवर आहे असे धरू. नुसत्या स्लॅबमधून २५ चौरस मीटरला सुमारे २,५०० वॅट आत येतात. स्लॅबवर पाच सेंटिमीटरचा टणक रोधक थर आणि त्यावर कोबा किंवा फरशी घातली, तर ४०० वॅटच्याही आत. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता येऊ नये असे म्हटले आहे. उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीन ते चारच्या घरात जातो. तो १.२ वर आणायला दोन-अडीच सेंटिमीटर रोधक थरही पुरतो.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची सफेदी. ताजा पांढरा पृष्ठभाग पडलेल्या उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो, आणि पत्रा असो वा स्लॅब, दोघांनाही तो चालतो. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी नवा हात द्यायचा. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

आणि जे आज माळवदातच राहतात त्यांनी काय करावे? किल्लारीनंतरच्या दुरुस्त्यांमधून शिकलेल्या गोष्टी उपयोगी आहेत : छपरावरची जादा माती उतरवणे, भिंतीचे दोन पदर आरपार जोडणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालणे आणि भिंतींना सभोवार सलग पट्टा बांधणे. हे काम जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

करून पाहा

बुटांची चार सारखी खोकी घ्या. प्रत्येकात एक तापमापी ठेवा. पहिल्याचे झाकण पत्र्याचे, दुसऱ्याचे सिमेंटच्या फरशीचे, तिसऱ्याचे चुना दिलेल्या तशाच फरशीचे, आणि चौथ्याचे थर्माकोल घातलेल्या फरशीचे करा. थर्माकोल फरशीच्या वर ठेवा आणि त्यावर पुठ्ठा लावा. चारही खोकी सकाळी दहापासून उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने नोंद घ्या, आणि सूर्य मावळल्यावरही दोन तास घेत राहा. चार रेषांचा एक आलेख काढायला सांगा. कोणती रेषा सर्वांत उंच गेली, कोणती सर्वांत उशिरा उतरली, हे मुलांनीच शोधावे. थर्माकोल फरशीच्या खाली घातला तर काय फरक पडेल, हा प्रश्न पुढच्या दिवसासाठी ठेवा.

नंतर हाच आलेख आपल्या वर्गखोलीचा काढता येईल. शाळेची नवी खोली किंवा गावातले एखादे घरकुल बांधायला निघाले असेल, तर तो ग्रामसभेत घेऊन जावा. स्लॅब पडल्यावर हे सारे करणे महाग पडते. स्लॅब पडण्यापूर्वी कोणीतरी 'वर रोधक थर आहे का, आणि भिंतींना पट्टे आहेत का?' एवढे विचारणे पुरेसे असते.