भरलेली इनोव्हा घाट उतरते तेव्हा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला चहासाठी थांबलात तर पुढच्या चाकाजवळ, जरा अंतर राखून, तळहात धरून पाहा. धग लागते. वरच्या घाटमाथ्यावर गाडीकडे जी उंची होती, तिचीच ही उष्णता झालेली असते.

आमच्या घरची गाडी पहिल्या पिढीतली इनोव्हा. बंगळुरूजवळच्या बिडदी इथल्या कारखान्यात २००५ पासून ही गाडी बनू लागली, क्वालिसची जागा तिने घेतली आणि २०१६ साली क्रिस्टा आल्यावर ती थांबली. गणपतीला कोकण, लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शन, आजारी माणसाला पुण्याला नेणं, काय काय केलं नाही या गाडीने! त्या इनोव्हा आजही रस्त्यावर आहेत, बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. इंजिन अजून खणखणीत असतं, म्हणून गाडीही तशीच आहे असं घरच्यांना वाटतं. मला काळजी वाटते ती तिथेच.

आठ माणसं आणि सामान धरलं की वजन जातं सुमारे २,२०० किलोवर. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना समोर म्हैस दिसली आणि पाय ब्रेकवर पोचायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, आणखी साधारण ३६ मीटर. ओल्या रस्त्यावर हेच ६० मीटरच्या पुढे जातं. पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होतं तेव्हा, त्याहूनही जास्त.

घाटाचा हिशेब याहून कठीण आहे. ही भरलेली गाडी ५०० मीटर खाली उतरवायची म्हणजे ८० च्या वेगावरून तिला वीस वेळा थांबवण्याएवढी ऊर्जा जिरवायची. त्या उष्णतेवर ३५ लिटरहून जास्त पाणी उकळेल. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं तर जवळजवळ सगळा भार डिस्क आणि लायनरवर येतो. इंजिनच बंद केलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं.

त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट-३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की ही हद्द १४० अंशांच्या आसपास येते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल आठ-आठ वर्षं तसंच ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. मागे भार वाढला की बॉडी खाली बसते, ॲक्सलला जोडलेली दांडी हलते आणि मागच्या ड्रमना जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन शेपूट फिरेल. कोकणच्या दमट हवेत ही दांडी गंजून अडकते. दुसरी चूक आपण हौसेने करतो. मागून गाडी बसते म्हणून स्प्रिंगमध्ये रबर घालतो. बॉडी खाली येतच नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि आठ माणसं बसलेली असताना मागचे ब्रेक निम्म्या मनाने लागतात.

बाकी टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर कडक रबर धरत नाही. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरला नसलेली पकड ते आणून देत नाही. आणि या पिढीतल्या कितीतरी गाड्यांत तेही नाही.

हे सगळं इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. पाय दर महिन्याला थोडा जास्त दाबायला शिकतो. आमच्या गाडीची ती दांडी मेस्त्रींनी सोडवली, रबर काढलं, लायनर आणि ऑइल बदललं. काका गाडी गल्लीत घेऊन आले, रोजच्यासारखाच ब्रेक दाबला आणि मागे बसलेली आम्ही तिघं पुढच्या सीटवर आदळलो. काका बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग म्हणाले, "मागच्या गणपतीला आपण सगळे या गाडीत होतो."