विंचवाचा दंश आणि शेतकऱ्याचें घर

उन्हाळा सरत आला आणि वळवाचे दोन शिंतोडे पडले, कीं आपल्या खेड्यांतून विंचू दिसूं लागतात. गडग्याच्या फटींत, जळणाच्या ढिगांत, गोवऱ्यांच्या राशींत, भाताच्या पेंढ्यांत, कौलांच्या खालीं, आणि पुष्कळदा आपल्याच वहाणेंत हा प्राणी बसलेला असतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यास अगर ज्याच्या घरांतील कोणास जन्मांत एकदांही विंचू चावला नाहीं, असा गृहस्थ विरळाच. परिचय इतका जुना असल्यामुळेंच आपण या दंशास थोडा कमी लेखतों, असा आमचा अनुभव आहे. आणि तो अनुभव सांगितल्याखेरीज पुढील सूचनांचें महत्त्व पटणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं भाताच्या मळणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या खळ्यावर एका गड्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलास विंचू चावला. मुलानें हंबरडा फोडला. उतारा जाणणारा गृहस्थ त्याच वाडींतला. तो तत्काळ आला व त्यानें आपला विधि सुरू केला. तासाभरानें मुलाचें रडणें थांबलें. वेदना कोठें आहे असें विचारतां मूल “आतां नाहीं” म्हणालें, आणि विंचू उतरला म्हणून सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला. मुलाचें अंग घामानें निथळत होतें, त्यास दोनदां ओकारी झाली होती व हातपाय गार पडले होते. पण भीतीनें असें होतें, असें सर्व म्हणाले. आम्ही तेथेंच उभे होतों, आणि आम्हीही तेंच म्हणालों. पहाटे मुलास धाप लागली, तोंडाला फेंस आला. गाडी जोडून दवाखान्यापर्यंत नेलें, पण तोंवर सर्व आटोपलें होतें.

त्या उतारा देणाऱ्या गृहस्थानें लबाडी केली असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तो पैसा घेत नसे, आणि आपल्या विद्येवर त्याचा मनापासून विश्वास होता. दोष होता तो आम्हां सर्वांच्या अज्ञानाचा. जीं लक्षणें धोक्याचीं, तीं आम्हीं भीतीचीं समजलों. आणि जी वेदना थांबली, ती थांबणें हें बरें झाल्याचें चिन्ह मानलें. वस्तुस्थिति याच्या उलट आहे.

काळा विंचू व लाल विंचू

आपल्याकडे विंचवाच्या अनेक जाति आहेत. परंतु शेतकऱ्यानें दोन प्रकार ओळखले म्हणजे पुरे. एक मोठा, काळसर, जाड व रुंद आंकड्यांचा. याचें रूप भयंकर, पण विष त्या मानानें सौम्य. दुसरा लाल विंचू. हा आकारानें लहान, तांबूस किंवा पिंगट रंगाचा. याचे आंकडे बारीक, पण शेपटी मात्र जाड. मनुष्याच्या प्राणावर बेततो तो हाच. कोंकणपट्टींत व देशावरील कोरड्या, खडकाळ मुलुखांत तो सर्वत्र आढळतो. आंकडे मोठे असलेला प्राणी भक्ष्य आंकड्यांनींच दाबून मारतो. ज्याचे आंकडे दुबळे, त्याची सारी भिस्त नांगीवर. ही खूण ध्यानांत ठेवावी. पण अंधारांत चावलेला विंचू कोणता हें ठरवीत बसण्यांत वेळ घालवूं नये.

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. उत्तर आफ्रिकेचीं व मेक्सिकोचीं कोरडीं मैदानें, अमेरिकेंतील अॅरिझोनाचें वाळवंट, येथील घरांतूनही विंचवाचें हेंच भय असतें. तेथील विंचू निराळ्या जातींचे आहेत. पण ऊन टळेपर्यंत फटींत दडावयाचें व रात्रीं भक्ष्यासाठीं बाहेर पडावयाचें, हा स्वभाव सर्वांचा एकच.

विष काय करितें

लाल विंचवाचें विष रक्तांत मिसळल्यावर मज्जातंतूंना अतिशय चेतवितें. त्यामुळें शरीरांत जीं उत्तेजक द्रव्यें प्रसंगापुरतीं थोडीं थोडीं सुटावयाचीं, तीं एकदम मोठ्या प्रमाणांत सुटतात. रक्तवाहिन्या आंवळल्या जातात, रक्ताचा दाब चढतो, आणि हृदयास त्या आंवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलावें लागतें. विहिरीवरील पंप जोरानें चालू ठेवून पुढील नळाचें तोंड चिमटून धरिलें असतां पंपाची जी अवस्था होईल, तीच येथें हृदयाची होते. शेवटीं तें थकतें, मागें फुप्फुसांत पाणी सांचतें, आणि रोगी धापा टाकूं लागतो.

म्हणून ध्यानांत ठेवावयाचीं लक्षणें हीं: वारंवार ओकारी, सर्वांगास दरदरून घाम, हातपाय गार पडणें, छातींत धडधड, तोंडास लाळ सुटणें, आणि पुरुषांत व मुलग्यांत इंद्रियास ताठरपणा येणें. हें शेवटचें लक्षण सांगण्यास लोक लाजतात, पण डॉक्टरांस तें अवश्य सांगावें. उलटपक्षीं, दंशाच्या जागीं भयंकर ठणका आहे, रोगी ओरडतो आहे, परंतु वरील लक्षणांपैकीं एकही नाहीं, तर तो दंश बहुधा सौम्य असतो. ज्यास विष अंगभर भिनलें, त्यास दंशाच्या जागीं पुष्कळदा वेदना थोडीच असते. ठणका थांबला आणि अंगास घाम सुटला, तर विंचू उतरला नसून चढला आहे असें समजावें.

उताऱ्यास यश येतें असें कां वाटतें, याचाही उलगडा येथेंच होतो. बहुतेक दंश सौम्य असतात, व त्यांतील वेदना कांहीं तासांनीं अगर एका दिवसांत आपोआप ओसरते. मंत्र घाला, चिंचोका लावा, अगर कांहींच करूं नका, परिणाम एकच. श्रेय मात्र शेवटीं जें केलें त्यास मिळतें. आणि जो एखादा दगावतो, त्याची गणना त्याच्या नशिबाच्या खात्यांत होते.

महाड येथील शोध

या विषावर चालणारा सुलभ उपाय परदेशांतून आलेला नसून आपल्या कोंकणांतच सांपडला, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावें. डॉ. हिंमतराव बावस्कर हे सन १९७६ मध्यें त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर गेले. तेथें विंचुदंशाचे रोगी डोळ्यांदेखत दगावत. त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं व वर सांगितलेलीं धोक्याचीं चिन्हें १९८२ मध्यें ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलीं. पुढें रक्तदाबावर वापरण्यांत येणारें प्राझोसिन नांवाचें औषध त्यांनीं या रोग्यांस दिलें, आणि त्याचा वृत्तांत १९८६ मध्यें त्याच पत्रांत छापला. हें औषध आंवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करितें. वरच्याच दृष्टांतानें बोलावयाचें तर चिमटलेल्या नळाचें तोंड उघडतें. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत, तें प्रमाण या उपचारानें शेंकडा एकाच्या आसपास आलें. आणि औषध काय, तर पोटांत घ्यावयाची एक स्वस्त गोळी!

लाल विंचवाच्या विषावर प्रतिविषाची लसही निघाली आहे. महाडकडेच ७० रोग्यांवर पाहणी करून २०११ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्राझोसिनबरोबर लसही दिलेल्या ३५ रोग्यांपैकीं ३२ जण दहा तासांच्या आंत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं तितक्या वेळांत ८ जण बरे झाले. लस जितकी लवकर मिळेल तितकी गुणकारी. डॉ. बावस्करांस २०२२ मध्यें पद्मश्री देऊन सरकारनें त्यांच्या कार्याचा गौरव केला.

दंश झाल्यावर काय करावें

१. रोग्यास धीर द्यावा व निजवून ठेवावें. दंशाची जागा साबणपाण्यानें धुवावी. बोटांतील अंगठी, हातांतील कडें लागलीच काढावें.

२. ठणक्यावर फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा. दंशाची जागा कापणें, चोखणें, घट्ट बांधणें, तींत रॉकेल अगर दुसरें कांहीं भरणें हे सर्व प्रकार वर्ज्य करावे. दारू मुळींच पाजूं नये.

३. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. मोठ्या माणसासही घाम, ओकारी किंवा गारठा दिसतांच न्यावें. रोग्यास चालवूं नये. १०८ क्रमांकावर सरकारी रुग्णवाहिका मागवितां येते. ती येण्यास विलंब असेल तर मिळेल त्या वाहनानें निघावें.

४. डॉक्टरांस दंशाची वेळ व दिसलेलीं लक्षणें अनुक्रमानें सांगावीं. प्राझोसिनची गोळी आपल्या मतानें देऊं नये. तिनें रक्तदाब उतरतो व रोगी एकदम उठल्यास घेरी येऊन पडतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाची असते. मुलास बरें वाटलें तरी निदान एक दिवस दवाखान्यांत ठेवावें.

सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें, साप, विंचू अगर कुत्रा चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारांपासून अडवून त्यावर मंत्रतंत्र करणें हा आपल्या राज्यांत गुन्हा ठरला आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षां समजुतीनें काम होईल तर तें अधिक टिकेल. गांवांतील उतारा देणाऱ्यासच वरील लक्षणें शिकवावीं, आणि “आधीं दवाखाना, मग तुमचा मंत्र” एवढें त्याच्याकडून कबूल करून घ्यावें. लोक प्रथम त्याच्याकडेच जातात, म्हणून तो आपल्या बाजूस आला तर पुष्कळ जीव वांचतील.

घराचा बंदोबस्त

विंचू घरांत येतो तो निवारा व भक्ष्य यांसाठीं. झुरळें, कोळी, किडे हें त्याचें खाद्य. तें कमी झालें म्हणजे तोही कमी होतो. म्हणून खरकटें व केर सांठूं देऊं नये. भिंतींच्या भेगा चुन्यानें अगर सिमेंटानें लिंपून घ्याव्या. दाराखालची फट पट्टी मारून बुजवावी. जळण, गोवऱ्या, दगड व जुनीं कौलें भिंतीस टेकून रचूं नयेत, घरापासून दूर रचावीं. गुळगुळीत कांच व झिलईच्या फरश्या यांवर विंचवाचे पाय ठरत नाहींत. म्हणून उंबऱ्याखालीं व जोत्याच्या बाहेरील अंगास अशा फरश्यांचा वीतभर उंचीचा पट्टा बसविणें हा खर्चाच्या मानानें चांगला बंदोबस्त होय.

नुसत्या विषारी फवाऱ्यावर विसंबूं नये. विंचू भेगांत खोल दडतो, अन्नावांचून महिनेच्या महिने काढतो, आणि फवारा त्याच्यापर्यंत पोंचतही नाहीं. त्यापेक्षां त्यास शोधून काढणें सोपें आहे. अतिनील प्रकाशाच्या विजेरीच्या उजेडांत विंचवाचें सर्वांग हिरवट चमकतें. अंधाऱ्या रात्रीं पायांत बूट घालून घराभोंवतीं अशी विजेरी फिरविली असतां भिंतीवरील विंचू दुरून दिसतात. ते लांब चिमट्यानें उचलावे. मादी आपलीं पिलें पाठीवर घेऊन हिंडते, “विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर” ही म्हण त्यावरूनच पडली. तेव्हां एक मादी उचलली म्हणजे एक बिऱ्हाडच उचललें जातें.

रोजच्या संवयी याहून महत्त्वाच्या. वहाण, बूट, घोंगडी, सदरा झटकल्याशिवाय वापरूं नये. पेंढ्या व जळण उचलतांना हातांत जाड मोजे घालावे, किंवा आधीं काठीनें हलवावें. रात्रीं उजेडावांचून अंगणांत उतरूं नये. भुईवर न निजतां बाजेवर, आणि मच्छरदाणी गादीखालीं खोंचून निजावें.

या शेवटच्या उपायानें मण्यारीपासूनही रक्षण होतें. मण्यार रात्रीं घरांत शिरून भुईवर निजलेल्या माणसास चावते. दंशाची वेदना इतकी थोडी, कीं कित्येकदां झोंपही मोडत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें. तेव्हां साप मारून दाखविण्यांत वेळ न दवडतां, दंश झालेला अवयव न हलवितां रोग्यास दवाखान्यांत न्यावें. गोमेच्या दंशानें वेदना पुष्कळ, पण जिवास धोका क्वचित्. गांधीलमाश्या चावून अंगावर गांधी उठल्या अगर श्वास कोंडूं लागला, तर मात्र विलंब करूं नये.

मागील हंगामांत आमच्याच वाडींत कापणीच्या वेळीं एका मजुराच्या मुलीस विंचू चावला. तिचें रडणें थांबलें तसे तिच्या आईनेंच तिचे हात चांचपून पाहिले. ते गार लागतांच कोणास न विचारतां तिनें मुलीस उचललें व मोटारसायकलीवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. मुलगी तिसऱ्या दिवशीं घरीं आली. ही बाई त्या पूर्वींच्या मुलाच्या वेळीं खळ्यावर हजर होती. आमच्या वाचकांस हें शिकण्यासाठीं तसा प्रसंग पाहण्याची पाळी येऊं नये, म्हणून हा लेख. तो घरांतील बायकामाणसांस व गडीमाणसांस वाचून दाखवावा, एवढीच विनंति.