बिंबाजीची भूमिका कोण करणार?

ब्राह्मणपारा, रायपूर

महाराष्ट्रात ऐतिहासिक मालिका सुरू झाली की दोन वाद ठरलेले असतात. इतिहास बदलला हा एक, आणि अमुक भूमिकेला तमुक नट का घेतला हा दुसरा. इथे रायपुरात राहून ते कानावर पडतात तेव्हा जाणवते की हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच दावणीला बांधतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगडने आपल्या पद्धतीने कधीच देऊन ठेवले आहे. पहिल्याचा मात्र इथे आपल्यावर, म्हणजे मराठी माणसांवर, जुना तगादा आहे.

ब्राह्मणपारा हा जुन्या रायपुरातला भाग. एका अंगाला कंकाली तलाव, दुसऱ्या अंगाला आझाद चौक आणि तात्यापारा, थोडे पुढे गेले की बूढापारा. पारा म्हणजे आपली आळी. नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करीत काही तासांत इथे पोचते. तरी मराठी वाचकाच्या नकाशात हा मुलूख फार लांब असतो. 1956 पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहून चालत असे, हे आज नागपुरातल्याही तरुणांना सांगावे लागते. त्याआधीचे नाते तर आणखी जुने. 1741 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन रतनपुरावर आले आणि तिथल्या हैहयवंशी राजाचे स्वातंत्र्य संपले. 1758 मध्ये रघुजींचे पुत्र बिंबाजी स्वतः रतनपूरला येऊन राहिले आणि 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तिथूनच राज्य केले. पुढे नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. विठ्ठलराव दिनकरांनी जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले, कमाविसदार बसवले. 1818 नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. आज रायपूर राजधानी आहे, त्याचे एक मूळ तिथे सापडते.

इथल्या जुन्या मराठी घरांत अजून मराठी वाहिन्या लागतात. शेजारच्या काकू 'स्वराज्यरक्षक संभाजी'चे भाग आजही फोनवर पुन्हा पुन्हा पाहतात. त्यांची मराठी नागपुरी वळणाची, अधूनमधून छत्तीसगढी शब्द घेणारी. 'जेवण करून राहिली' म्हणता म्हणता त्या सहज 'सिरतोन', म्हणजे 'खरंच', म्हणून जातात. एका संध्याकाळी त्यांच्याकडे रतनपूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सारी आळी त्यांना दाई म्हणते. पडद्यावर घोडदळ दौडत होते. दाईंनी काकूंना विचारले, "तुंहर मराठा मन हमर रतनपुर घलो आए रिहिन. ओला कब देखाहीं?" तुमचे मराठे आमच्या रतनपुरालाही आले होते, ते कधी दाखवणार? काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खरंच हो, आपला बिंबाजी कुठं दाखवतात!"

प्रश्न एकच, पण दोघींच्या मनात दोन बिंबाजी होते. काकूंना अभिमानाने पाहायचा होता. दाईंना आपल्या गावावर काय गुजरले ते पाहायचे होते. ऐतिहासिक मालिकेला खरेपणाची कसोटी लावायची तर ती इथे लावावी, असे माझे मत आहे. बिंबाजीचे नाक-डोळे कसे होते यापेक्षा दाईंचे रतनपूर त्या गोष्टीत आहे की नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आता नटांकडे येतो, कारण तिथे छत्तीसगडकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

14 नोव्हेंबर 1988 पासून दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली. नेहरूंच्या ग्रंथावरची 53 भागांची मालिका. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आणि औरंगजेबाची ओम पुरी यांनी. तेच ओम पुरी दुर्योधन झाले आणि सम्राट अशोकही झाले. सलीम घौस राम झाले, कृष्ण झाले आणि टिपू सुलतानही झाले. महात्मा फुले सदाशिव अमरापूरकरांनी उभे केले. नटाचा धर्म, प्रांत, मातृभाषा आणि भूमिका यांची जोडी लावण्याचा खटाटोप बेनेगलांनी केला नाही. नसीरुद्दीन शाहांच्या महाराजांत जो विचारी, मोजके बोलणारा राज्यकर्ता दिसतो, तो पाहताना नटाचा जन्म कुठला हे मनात येत नाही. त्याच सुमारास रविवारी सकाळी चोप्रांचे 'महाभारत' लागत असे. त्याचे संवाद राही मासूम रझांचे होते आणि अर्जुन झाले होते फिरोज खान. घराघरांत त्या मालिकेपुढे उदबत्ती लावली जात होती. आज नटाचे आडनाव पाहून आधीच निवाडा देणाऱ्यांनी तो काळ आठवावा.

'भारत एक खोज'मध्ये महाभारताची कथा आली, तेव्हा बेनेगलांनी भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंना पडद्यावर आणले. तीजनबाई पारधी समाजातल्या. त्या पंडवानी गातात; पंडवानी म्हणजे महाभारताची कथा गाऊन सांगण्याची छत्तीसगडी कला. तिच्या दोन शैली आहेत. वेदमतीत बसून गायचे, कापालिकीत उभे राहून, नाचून, अभिनयासह सांगायचे. बायकांनी बसून गावे असा दंडक असताना तीजनबाई उभ्या राहिल्या आणि त्यासाठी त्यांना समाजातून बाहेर काढण्यात आले. ज्यांनी त्यांना पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात तंबुरा असतो, त्याला मोरपिसे लावलेली. भीम बोलू लागला की तो तंबुरा खांद्यावर जातो आणि गदा होतो. आवाज खाली उतरतो, मान ताठ होते, समोर साडीतली बाई उरत नाही. पुढच्याच क्षणी तोच तंबुरा दुःशासनाचा हात होतो, आणि त्याच बाई द्रौपदी होऊन त्या हाताला उत्तर देतात. मागे रागी, म्हणजे साथीदार, हुंकार देत असतो आणि गावकरी पाय दुमडून मध्यरात्रीपर्यंत बसलेले असतात. भीम बाई आहे का, पारधी आहे का, हे त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही. पण कथेत काही चुकले, तर एखादा सियान, म्हणजे गावातला वडीलधारा, तिथल्या तिथे टोकतो. भूमिका कोणी करावी याला इथे पूर्ण मोकळीक आहे, कथेत मात्र हयगय चालत नाही. मालिका करणाऱ्यांनी हीच शिस्त घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

ती शिस्त शहरी रंगभूमीवर नेली हबीब तनवीर यांनी. 1923 मध्ये ते याच रायपुरात जन्मले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, पुढे मुंबई, दिल्ली, लंडन करून परत छत्तीसगडच्या नाचाकडे वळले. नाचा म्हणजे इथला लोकनाट्याचा प्रकार, आपल्या तमाशाचा दूरचा भाऊ म्हणा. 1958 मध्ये त्यांनी दिल्लीत 'मृच्छकटिक' हिंदीत केले, तेव्हा छत्तीसगडचे सहा लोककलावंत सोबत नेले. शूद्रकाची उज्जयिनी, तिथला चारुदत्त, तिथली गणिका, आणि रंगमंचावर शेतमजुरीचे हात. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकांना ते रुचणे कठीण होते. तनवीरांनी हेका सोडला नाही. पुढे त्यांच्या ध्यानात आले की अडचण नटांच्या दिसण्यात नाही, त्यांच्यावर लादलेल्या हिंदीत आहे. 1970 नंतर त्यांनी नटांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू दिले आणि तेच कलावंत मोकळे झाले. 1975 चे 'चरणदास चोर' आणि त्याला 1982 मध्ये एडिंबराच्या महोत्सवात मिळालेला मान हे त्याचे फळ. फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर, मदनलाल, लालूराम ही नावे आपल्याकडच्या नाट्यप्रेमींनी बालगंधर्वांइतक्याच आदराने घ्यावीत. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला खरे तर हे समजायला जड जाऊ नये.

इंग्लंडमध्ये हाच वाद अलीकडे जोरात आहे. 2020 च्या 'ब्रिजर्टन' मालिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे लंडन दाखवले आणि उमराव घराण्यांत काळे आणि आशियाई चेहरे बसवले. 2021 मध्ये अ‍ॅन बोलीन या इंग्लंडच्या राणीची भूमिका जोडी टर्नर-स्मिथ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. दोन्हींवर खूप आरडाओरड झाली. मला त्यातल्या नटांविषयी काही आक्षेप नाही. पीटर ब्रुक यांच्या 'महाभारता'त जपानी द्रोण आणि आफ्रिकन भीष्म पाहून मी हेलावलो आहे. 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या पर्वात भारतातून आलेले शर्मा कुटुंब आहे. त्यातली थोरली बापाला 'अप्पा' म्हणते, धाकटी तिला 'दीदी' म्हणते, आणि बहिणीसाठी बंगाली शब्दही येतो. ते घर भारतात नेमके कुठले, हे कोणाला ठरवावेसेच वाटले नाही. भारतातली माणसे पडद्यावर आली, पण त्यांचा इतिहास दाराबाहेर राहिला. त्या काळात इंग्रज कंपनी आपल्या मुलखात काय करीत होती याचा त्या दिवाणखान्यांत उच्चार नाही. मला खटकते ते हे.

आपल्या मालिकांचेही दुखणे याच जातीचे आहे. पन्हाळ्याचा वेढा दाखवताना सिद्दी जौहर येतो, पण महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा किती प्रेक्षकांच्या लक्षात राहतो? सिद्दी समाज आजही उत्तर कन्नडात आणि गुजरातेत राहतो. हिलालची भूमिका करायला त्यांच्यातला तरुण मिळाला तर उत्तमच. पण त्याहून आधी हिलाल कथेत ठसठशीत असला पाहिजे. नटाला मोकळीक असावी हे मी वर म्हटले. मात्र ती मोकळीक एकाच बाजूला वाहू नये. मोठ्या भूमिका नेहमी शहरातल्या गोऱ्या चेहऱ्यांना आणि भालदार-चोपदार तेवढे गावच्या माणसांना, ही वाटणी मोकळीक म्हणून खपवता येणार नाही.

म्हणून पुन्हा बिंबाजी. एवढी तयार गोष्ट मराठी मालिकाकारांच्या हाताशी पडून आहे. नागपूरच्या गादीवर थोरला भाऊ आणि धाकटा दूर रतनपुरात, जवळजवळ स्वतंत्र. तळ्यांचे गाव, महामायेचे देऊळ, टेकडीवर बिंबाजींनी बांधलेले रामाचे मंदिर, ज्याला आज रामटेकरी म्हणतात. दफ्तरात मोडी लिहिणारे कारकून. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल इथे त्यांनीच रुजवली असे मानतात. आणि भोवती कंवर, बिंझवार, गोंड जमीनदार, ज्यांच्याकडून खंडणी वसूल व्हायची. बिंबाजी येण्याच्या दोनच वर्षे आधी, 1756 मध्ये, गिरौदपुरीत गुरू घासीदास जन्मले होते. म्हणजे ज्या वर्षांत रतनपूरच्या वाड्यात मराठी दरबार भरत होता, त्याच वर्षांत याच मातीत सतनाम पंथाचा प्रवर्तक लहानाचा मोठा होत होता. ज्या मालिकेत दरबार असेल आणि गिरौदपुरी नसेल, तिच्यातली पगडी, दागिने आणि तलवारीची मूठ कितीही बिनचूक असली तरी ती मालिका खरी नव्हे. भाषेचेही तेच. अठराव्या शतकातल्या कारभाराच्या मराठीत सुभा, जमाबंदी, हुजूर, तालुका असे शब्द सर्रास होते. पडद्यावरचे सरदार मात्र संस्कृत सुभाषितांसारखे बोलतात.

इथे वेशभूषेतल्या चुका शोधणारे लोक नाहीत असे नाही. रायपुरातही इतिहासाचे जाणकार आहेत आणि जिरेटोपाची ठेवण चुकली तर ते हळहळतात. तो बारकावा हवाच. पण मराठ्यांविषयी इथली आठवण दुहेरी आहे, हे मराठी वाचकाने मोकळ्या मनाने ऐकून घ्यावे. देवळे बांधणारे मराठे त्यांना आठवतात आणि वसुली करणारे मराठेही. बंगालात बारगीरांची आठवण अंगाईपर्यंत पोचली, तशी इथे नाही. तरी पराभूत राज्याची सल आहे. ही सल दाखवल्याने महाराष्ट्राचा मान कमी होणार नाही. भोसल्यांचा मुलूख केवढा पसरला होता आणि त्यात किती तऱ्हेची माणसे राहत होती, हे तेवढ्याने तरी आपल्या मुलांना कळेल.

बिंबाजी कोणी करावा? तो पुण्या-मुंबईचा असावा असा माझा मुळीच आग्रह नाही. राजनांदगाव, दुर्ग, धमतरीकडे नाचाच्या मंडळ्या आजही रात्र जागवतात. त्यांच्यातला एखादा उमदा नट बिंबाजी होऊ शकतो, आणि नागपूरची एखादी मराठी मुलगी रतनपूरच्या हरलेल्या राणीची भूमिका करू शकते. दोघांनी त्या माणसांना न्याय दिला तर माझ्यासारखा प्रेक्षक आडनावे विचारणार नाही. मालिका करणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की लेखनाला बसण्याआधी त्यांनी रतनपूरला यावे. बिलासपूरहून तासाभराच्या आत पोचता येते. रामटेकरी चढावी, गिरौदपुरीला जावे, नाचाच्या एखाद्या मंडळीसोबत रात्र काढावी, आणि पहिला मसुदा तयार झाला की तो पुण्यातल्या इतिहासतज्ज्ञांबरोबर रतनपूरच्या एखाद्या दाईलाही वाचून दाखवावा.