एकवीस विरुद्ध एकोणीस

१ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी भारताचा पुरुष रग्बी संघ सिंगापुरात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. रग्बी मात्र देशात फार जुनं. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला होता. तिथला क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्यासाठी झुंजतात. आपल्याकडे हा खेळ बराच काळ बॉम्बे जिमखान्यासारख्या ठिकाणीच अडकून राहिला.

रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा जण आणि ऐंशी मिनिटं. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण. ऑगस्ट १९९५ मध्ये या खेळात पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली, आणि परदेशात रग्बी ही नोकरी झाली. अलन विन जोन्स एकट्या वेल्सकडून १५८ कसोट्या खेळला.

आपल्याकडची कारकीर्द बघायची तर पुण्याच्या डॉ. वाहबिज भरुचाची बघावी. नावामागची पदवी खरी आहे. देशाचं कर्णधारपद सांभाळणाऱ्या या मुलीचा पेशा रग्बी नव्हे. भारतीय महिला पंधराच्या खेळात पहिल्यांदा उतरल्या त्या २०१८ मध्ये, तेही सिंगापुरातच, आणि दोन्ही सामने हरल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये मनिलात वाहबिजच्या नेतृत्वाखाली त्यांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराच्या प्रकारातला हा भारतीय महिलांचा पहिला विजय. क्रिकेटमध्ये एवढं घडलं असतं तर गावोगाव फलक लागले असते!

असे सामने वाट्याला कमी येतात, त्याचं एक मोठं कारण ऑलिम्पिक. २०१६ ला रिओत रग्बी आलं ते सात-सात खेळाडूंचं, चौदा मिनिटांचं. ऑलिम्पिक, आशियाई स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा सगळीकडे तेच. मग सराव शिबिरं आणि पैसा तिकडेच वळणार. छोट्या संघटनेने दुसरं काय करावं? तरी माझ्या मते खरी मजा पंधराच्याच खेळात आहे. त्यात जाड्या, बुटक्या, उंच अशा सगळ्यांना जागा असते.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याच्या पोरींना हे दूरचं वाटू नये. मनिलात जिंकलेल्या संघातली स्वीटी कुमारी बिहारमधल्या बाढ भागातली. आधी ती धावपटू होती, रग्बी नंतर आलं. ओडिशाच्या आदिवासी मुलींनीही भारतीय संघात जागा मिळवली, त्यांच्यामागे भुवनेश्वरची कलिंगा संस्था होती. आपल्याकडे धावणाऱ्या आणि कबड्डी खेळणाऱ्या मुली कमी नाहीत.

पण कबड्डीची एक सवय आधी मोडावी लागेल. तिथे चढाईवाली हाती लागली की दम संपेपर्यंत सोडायची नसते. इथे पकड फक्त चेंडूवालीचीच, तीही खांद्याखाली. आणि ती जमिनीवर आली की तिला लगेच सोडायचं. धरून ठेवली तर पेनल्टी, आणि त्यावर किक बसली की समोरच्यांना तीन गुण.